दूरची लढाई, घरची टंचाई

मुंबईच्या भाडेनियंत्रण कायद्यात एक तारीख कित्येक वर्षे ठाण मांडून बसली होती : १ सप्टेंबर १९४०. त्या दिवशी खोलीला जे भाडे होते तेच प्रमाणित भाडे, असे १९४७ च्या कायद्याने ठरवले आणि गिरगाव, परळ, दादरच्या चाळींत दोन-तीन पिढ्या त्या एका दिवसाच्या हिशोबावर राहिल्या. त्या दिवशी मुंबईत विशेष काही घडले नव्हते. लंडनवरचे मोठे हवाई हल्ले सुरू व्हायला अजून आठवडा होता आणि जपान लढाईत उतरायला सव्वा वर्ष. लढाईमुळे चढणारी भाडी कुठेतरी रोखायला हवी होती, म्हणून सरकारने एक रेघ ओढली. ती तिथे पडली, एवढेच. तात्पुरता म्हणून केलेला हा कायदा मुदतवाढीमागून मुदतवाढ घेत जगला. गोठवलेल्या भाड्याची तरतूद आता न्याय्य राहिलेली नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सांगितले. नवा कायदा अमलात यायला २००० साल उजाडले.

पागडी, गळके छप्पर, दुरुस्तीला हात न लावणारा मालक आणि जागा न सोडणारा भाडेकरू, हे मुंबईचे कायमचे भांडण आहे. त्याची मुळे शोधत गेले की आपण एका अशा लढाईपाशी पोचतो, जिचा एकही बॉम्ब या शहरावर पडला नाही. कायद्याला नावे ठेवणे आज सोपे आहे. १९४१ च्या जनगणनेत मुंबई बेटाची वस्ती पंधरा लाखांच्या जरा आत होती. १९५१ मध्ये ती तेवीस लाखांच्या वर गेली. एवढी माणसे येत असताना भाडे मालकाच्या मर्जीवर सोडले असते, तर गिरणीत पाळी करणारा माणूस परळला राहूच शकला नसता. तेव्हा कायदा हवाच होता. खरा प्रश्न वेगळा आहे. लढाईच्या घाईत उभी केलेली व्यवस्था लढाई संपल्यावर उतरवायची कोणी आणि कधी?

या पुस्तकाचा विषय तो आहे. दुसऱ्या महायुद्धाविषयी मराठी वाचकाला बरेच ठाऊक असते. रोमेल, स्टालिनग्राड, हिरोशिमा ही नावे त्याच्या तोंडावर असतात. त्याच वर्षांचा आपला इतिहास विचारला की ‘चले जाव’ येते, पत्री सरकार येते, आझाद हिंद सेना येते. या दोहोंच्या मध्ये एक मोठा प्रदेश मोकळा राहतो. लोक काय खात होते, पगार कसा पुरवत होते, सुटे पैसे कुठून आणत होते, घासलेटाचा डबा कसा भरत होते, याची नोंद आठवणींत विखुरलेली आहे आणि सरकारी अहवालांत गाडलेली आहे. ती एका जागी आणून पाहिली की लक्षात येते : महाराष्ट्रातल्या सामान्य घराला महायुद्ध भेटले ते महागाईच्या, रांगेच्या आणि शिक्क्याच्या रूपाने. आणि त्या रूपात ते १९४५ नंतरही बराच काळ मुक्कामाला राहिले.

इंग्लंडमधल्या घरांची कहाणी आपण चित्रपटांतून पाहिली आहे. मुलांना खेड्यात पाठवणे, भुयारी स्थानकांत रात्र काढणे, परसातल्या फुलांच्या वाफ्यात बटाटे लावणे. तिथेही शिधावाटप होते; ते जानेवारी १९४०ला सुरू झाले आणि जुलै १९५४ पर्यंत चालले. पण एक फरक मुळातला आहे. ती लढाई इंग्रज माणसाला आपली वाटत होती आणि ती चालवणारे सरकार त्याच्या संसदेला जबाबदार होते. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले, तेव्हा इथल्या एकाही लोकनियुक्त पुढाऱ्याला विचारले नाही. दोन महिन्यांत बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि मुंबई प्रांतावर १९४६ पर्यंत गव्हर्नरचा अंमल राहिला. म्हणजे माणसाने दिवसाला किती धान्य खावे, कापडाला किती भाव द्यावा, पेट्रोल कोणाला मिळावे, हे सारे ठरवण्याच्या काळात विधिमंडळात विचारणारा कोणी नव्हता. भारत संरक्षण नियम आणि त्यांवर सही करणारा अधिकारी, एवढ्यावर प्रांत चालला. नियंत्रणांकडे पाहण्याची आपली सवय, म्हणजे नियम पाळायचा तो पकडले जाऊ नये म्हणून, ही त्या वर्षांत पक्की झाली असे मला वाटते. नियम बनवण्यात ज्याला वाटा मिळाला नाही, त्याच्याकडून नियमाबद्दल आपुलकीची अपेक्षा कशी करणार?

लढाईचा खर्च कोणी उचलला, याचे उत्तर समजून घेतले तर बाकीच्या पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात. इंग्लंड आणि हिंदुस्थान सरकार यांच्यात ठरले ते असे : हिंदुस्थानाच्या स्वतःच्या संरक्षणाचा खर्च हिंदुस्थानाने करावा, आणि बाहेरच्या आघाड्यांसाठी इथून जे सैन्य आणि माल जाईल त्याचे पैसे इंग्लंडने द्यावेत. पैसे दिले जात होते, पण लंडनमध्ये, पौंडांत, खात्यावर जमा. इथे मात्र गिरणीवाल्याला, ठेकेदाराला, शिपायाला रुपये रोख द्यावे लागत. त्या पौंडांच्या तारणावर रिझर्व्ह बँक नोटा छापत गेली. १९३९ मध्ये पावणेदोनशे कोटींच्या आसपास असलेले नोटांचे चलन युद्ध संपेपर्यंत सहापटीवर गेले. बाजारात माल तेवढा वाढला नव्हता. उलट त्यातला मोठा भाग लष्कर उचलत होते. भाव अडीचपट चढले ते अधिकृत आकड्यांत. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ आणि नी. वि. सोवनी यांनी १९४३ मध्येच, लढाई भरात असताना, या धोरणावर पुस्तक लिहून टीका केली. कर वाढवून, श्रीमंतांच्या हातचा पैसा काढून घेऊन आणि मालाचे वाटप हाती घेऊन लढाई चालवता आली असती. सरकारने नोटा छापून ती चालवली आणि बिल गरिबाच्या ताटावर फाडले. लंडनमध्ये साठलेली रक्कम सतराशे कोटींच्या घरात गेली. हिंदुस्थान कर्जदाराचा सावकार झाला म्हणून पुढे आपण अभिमान बाळगला. ती सावकारी कोणाच्या उपासावर उभी होती, हे मात्र फारसे बोलले गेले नाही.

नोटा वाढल्या आणि नाणी मात्र नाहीशी झाली. लोकांनी चांदीचे रुपये घरात दाबून ठेवायला सुरुवात केल्यावर १९४०ला सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, व्हिक्टोरिया राणीचे रुपये चलनातून काढले आणि एक रुपयाची कागदी नोट आणली. गरजेपेक्षा जास्त नाणी जवळ ठेवणे हा गुन्हा ठरला. १९४२-४३ मध्ये चिल्लर इतकी आटली की दुकानदार उरलेल्या पैशांऐवजी पोस्टाची तिकिटे किंवा स्वतःच्या सहीच्या चिठ्ठ्या देऊ लागले. तांबे वाचवण्यासाठी १९४३ मध्ये पैशाच्या मधोमध भोक आले. भोकाचा पैसा आज संग्राहकांकडे आणि आजीच्या डब्यात सापडतो. गंमत म्हणून तो पाहताना एवढे आठवावे की साम्राज्याच्या टांकसाळीला एका पैशातला कणभर धातूही जड झाला होता.

महागाईचा पहिला मोठा आवाज गिरणगावातून उठला. मार्च १९४०मध्ये मुंबईच्या दीड लाखांवर कामगारांनी महागाई भत्त्यासाठी संप केला आणि तो चाळीसएक दिवस टिकला. डांगे यांच्यासारखे कम्युनिस्ट पुढारी तुरुंगात गेले, संप मोडला. पण भत्त्याचे तत्त्व राहिले आणि पुढे तो राहणीमानाच्या निर्देशांकाला जोडला गेला. आज सरकारी कर्मचारी ज्या भत्त्याच्या वाढीची वाट पाहतो त्याची वंशावळ इथवर जाते. युद्धाच्या नफ्यातून गिरण्यांनी बोनस दिला. लढाई संपल्यावर तो हक्क की मेहेरबानी, यावर न्यायाधिकरणात वाद झाला आणि १९५० मध्ये बोनसचे सूत्र ठरले. या कथेला एक वळण आहे, ते सांगितले पाहिजे. जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केला आणि काही महिन्यांत ज्या कम्युनिस्टांनी चाळीस दिवसांचा संप चालवला, तेच उत्पादन थांबवू नका असे कामगारांना सांगू लागले. गिरणी कामगाराने हे वळण कसे पचवले, यावर लालबाग-परळमध्ये नंतरची कित्येक वर्षे भांडणे झाली.

गिरण्या तीन पाळ्यांत धडधडत होत्या. जपानी कापड येणे बंद झाले होते, लष्कराला लाखो गज कापड हवे होते, मध्यपूर्वेतून मागणी होती. १९४३ च्या मध्यापर्यंत कापडाचे भाव युद्धापूर्वीच्या कित्येक पटींवर गेले. त्या जूनमध्ये नियंत्रणाचा हुकूम निघाला, मुंबईत वस्त्रोद्योग आयुक्तांची कचेरी आली आणि कापडाच्या प्रत्येक ताग्यावर किंमत छापली जाऊ लागली. छापील किंमत म्हणजे काय, हे भारतीय ग्राहकाने त्या शिक्क्यावरून शिकले. त्या किमतीला माल मिळत नाही, हेही त्याच सुमारास शिकले.

पर्ल हार्बरनंतर भीती अंगणात आली. १५ फेब्रुवारी १९४२ला सिंगापूर पडले, ८ मार्चला रंगून. ६ एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर जपानी विमानांनी बॉम्ब टाकले. मुंबईतल्या अनेक कुटुंबांनी बायकामुलांना कोकणात, देशावर, गुजरातेत पाठवले आणि ज्या शहरात खोली मिळत नव्हती तिथे थोडे दिवस ‘जागा भाड्याने देणे आहे’ अशा पाट्या दिसल्या. काचांवर काळे कागद चिकटले, दिव्यांवर टोप्या आल्या, इमारतींच्या दारांपुढे विटांच्या आडभिंती उभ्या राहिल्या. हवाई हल्ल्यांपासून बचावासाठी नेमलेले ए. आर. पी.चे स्वयंसेवक खिडकीतून उजेड दिसला की खालून ओरडत. वेळही बदलली. १ सप्टेंबर १९४२ पासून साऱ्या देशाचे घड्याळ एक तास पुढे ढकलले गेले, ते ऑक्टोबर १९४५ पर्यंत. मुंबईत तर महापालिकेची ‘बॉम्बे टाइम’ आधीच वेगळी होती, ती १९५५ पर्यंत टिकली. त्यामुळे मुहूर्त, गाडी आणि कचेरी यांचे घड्याळ जुळवणे हा रोजचा उद्योग झाला. विमाने आली नाहीत. काही महिन्यांत माणसे परतली, त्यांच्या मागोमाग कामाच्या शोधात नवी आली, आणि रिकाम्या खोल्यांच्या पाट्या गेल्या त्या गेल्याच.

रंगून पडल्याचा खरा परिणाम विमानांतून आला नाही, तांदळाच्या गोणीतून आला. ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ देशाच्या एकूण गरजेच्या मानाने थोडा होता, पण मुंबई, कोकण, मलबार आणि बंगाल यांची बाजारातली सगळी लवचीकता त्यावर होती. तो थांबताच व्यापाऱ्याने माल रोखला, शेतकऱ्याने थोडा धरून ठेवला आणि प्रत्येक प्रांताने आपापले दार लावून घेतले. पंजाबातला गहू पंजाबात राहिला. मुंबई प्रांत तर धान्याच्या बाबतीत कायमचा तुटीचा. त्यात १९४२-४३ मध्ये विजापूरकडे दुष्काळ पडला.

यापुढे मुंबईची आणि कलकत्त्याची वाट वेगळी झाली, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचे मर्म या फाट्यावर आहे. बंगाल सरकारने मार्च १९४३ मध्ये तांदळाच्या भावावरचे नियंत्रण उठवले, कलकत्त्यातल्या कारखान्यांच्या आणि कचेऱ्यांच्या माणसांना स्वस्त धान्य पोचवले आणि खेडी बाजाराच्या हवाली केली. त्या दुष्काळात सरकारी चौकशी आयोगाच्या अंदाजाने पंधरा लाख माणसे मेली. नंतरच्या अभ्यासकांचा अंदाज तीस लाखांच्या आसपास जातो. कलकत्त्यात पूर्ण शिधावाटप सुरू झाले ते जानेवारी १९४४ च्या अखेरीस, माणसे मरून गेल्यावर. मुंबईने ते मे १९४३ मध्येच सुरू केले होते. घरोघरी माणसांची मोजणी झाली, प्रत्येक कुटुंबाला कार्ड मिळाले, प्रत्येक कार्ड एका ठरावीक दुकानाला बांधले गेले आणि त्या दुकानात येणारे धान्य सरकारच्या ताब्यातले. ए. डी. गोरवाला या आय. सी. एस. अधिकाऱ्याचे नाव या व्यवस्थेशी जोडलेले आहे. पुढे स्वतंत्र भारताच्या प्रशासनावरचा गाजलेला अहवालही त्यांनीच लिहिला.

मुंबई वाचली ती सरकारच्या दयेने, असे समजू नये. इथे गोदी होती, गिरण्या होत्या, रेल्वेचे कारखाने होते. हे शहर उपाशी राहणे लढाईला परवडणारे नव्हते. पण हेतू काहीही असो, व्यवस्था चालली. मलबार हिलवरचा शेठ आणि भायखळ्याचा हमाल कागदावर तरी एकाच मापाचे धनी झाले. त्याच वर्षी केंद्राच्या धान्य धोरण समितीने लाखावर वस्तीच्या शहरांत शिधावाटप करावे आणि प्रौढ माणसाला दिवसाला एक पौंड धान्य मिळावे, अशी शिफारस केली. हे प्रमाण टिकले नाही. १९४६ मध्ये ते बारा औंसांवर उतरले. आणि मिळणारे धान्य आपल्या आवडीचे असेल याची हमी कोणीच देत नव्हते. दोन वेळा भात खाणाऱ्या कोकणी घराला थोडा तांदूळ, बाकी गहू, ज्वारी, बाजरी मिळायची. चपाती हा ज्या घरांत सणाचा किंवा आजाऱ्याचा पदार्थ होता तिथे ती रोजच्या ताटात आली. मुंबईच्या मराठी जेवणातला भात आणि पोळी यांचा आजचा समतोल सगळा हौसेतून आलेला नाही.

या व्यवस्थेची दुसरी बाजू शहरातल्या आठवणींत नसते, कारण ती खेड्यात घडली. शहराच्या कार्डावरचे धान्य शेतकऱ्याच्या कणगीतून यायचे. तलाठी पिकाचा अंदाज करी, मामलेदार लेव्हीचा, म्हणजे सक्तीने घालायच्या धान्याचा, आकडा ठरवी आणि सरकारी भावाने धान्य घालावे लागे. पीक कमी आले तरी आकडा सहसा कमी होत नसे. मग बाजारातून चढ्या भावाने विकत घेऊन लेव्ही भरायची. त्याच शेतकऱ्याला घासलेट, लोखंडी फाळ आणि धोतरजोडी लागली की सरकारी भाव कुठे दिसत नसे. शिवाय वॉर फंडाची वर्गणी, जी नावापुरतीच ऐच्छिक होती. शहरातल्या ग्राहकाला वाचवण्यासाठी शेतमालाचा भाव दाबायचा, ही पुढच्या कित्येक दशकांची तक्रार आहे. तिचा पहिला धडा लेव्हीत गिरवला गेला. शिधावाटपाचे मी वर कौतुक केले आहे आणि ते मागे घेत नाही. पण त्याचा खर्च कोणाच्या नावे पडला, हे लिहिल्याशिवाय ते कौतुक पुरे होत नाही.

साताऱ्याचे प्रतिसरकार १९४३ नंतर लोकांना आपले वाटले ते या पार्श्वभूमीवर. नाना पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कथांत रेल्वेतला खजिना आणि पत्री मारण्याचे प्रसंग ठळकपणे येतात. त्यांच्या रोजच्या कामात मात्र गावातला सावकार, काळाबाजारवाला आणि जुलूम करणारा गावगुंड यांचा बंदोबस्त होता. कमी खर्चाची गांधी लग्ने होती. एका प्रजेवर दोन सरकारे, अशी ती वर्षे होती. गोवालिया टँकवरच्या ‘चले जाव’ सभेची ८ ऑगस्ट १९४२ची रात्र उजाडायच्या आत पुढारी पकडले गेले. नेहरू आणि कार्यकारिणीचे सदस्य नगरच्या किल्ल्यात, गांधीजी पुण्याच्या आगाखान राजवाड्यात, आणि मुलगा भूमिगत असलेल्या घरातला दुसरा मुलगा मिलिटरी अकाउंट्सच्या कचेरीत कारकून, हे पुण्यात अशक्य नव्हते. लष्करात गेलेली माणसे वेगळीच. देशभरातून पंचवीस लाखांवर माणसे भरती झाली, मराठा पलटणी आफ्रिका आणि इटलीत लढल्या, १९४१ मध्ये महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली. गावात येणारी मनीऑर्डर, ती मोजून देणारा पोस्टमन आणि त्या पैशात फिटलेले कर्ज, ही कोकणातल्या आणि साताऱ्याकडच्या अनेक घरांची युद्धकथा आहे. तिला देशभक्तीच्या किंवा देशद्रोहाच्या खान्यात बसवायचा हट्ट मला तरी निरर्थक वाटतो.

बातम्यांचेही असेच दोन प्रवाह होते. वर्तमानपत्रांची पाने कागदाच्या टंचाईने रोडावली होती आणि जे छापायचे ते सेन्सॉरच्या नजरेखालून. मग लोक दारे लावून बर्लिन, टोकियो, सायगाव ऐकत. १९४२च्या ऑगस्टअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत उषा मेहता आणि त्यांच्या तरुण सोबत्यांनी मुंबईत जागा बदलत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. सरकारने दिलेली बातमी खोटी असणार आणि कानगोष्ट खरी असणार, हा विश्वास किती खोल गेला होता ते १४ एप्रिल १९४४ रोजी दिसले. व्हिक्टोरिया डॉकमध्ये उभ्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजात सुमारे चौदाशे टन स्फोटके होती आणि त्यांच्याच सोबतीला कापसाच्या गासड्या. शिवाय सोन्याच्या विटा. गासड्या पेटल्या, दुपारी चारनंतर अर्ध्या तासाच्या अंतराने दोन स्फोट झाले, गोदी आणि मांडवीचा परिसर होरपळला. आठशे ते तेराशे माणसे मेली असे अंदाज आहेत. आग विझवायला गेलेले ६६ जवान त्यांत होते. हजारो टन धान्य जळाले, जे शिध्याच्या दिवसांत दुसरी आपत्ती ठरले. सबंध मुंबईने आवाज ऐकला होता, तरी वृत्तपत्रांना सविस्तर छापायला मुभा मिळाली ती मे महिन्यात. तोवर सायगाव रेडिओने जगाला सांगून टाकले होते. लोकांनी जपान्यांवर संशय घेतला, पाणबुडीच्या कथा रचल्या. खरे कारण होते ते बेपर्वाई : स्फोटके आणि कापूस एका जहाजात आणि ते जहाज भर वस्तीच्या गोदीत. शत्रूला जे जमले नाही ते इथल्याच व्यवस्थेने केले.

बायकांच्या कामाबद्दल स्वतंत्र पुस्तक व्हायला हवे. रांगेत उभे राहणे हे न मोजलेले श्रम बहुतांशी त्यांचे होते. मध्यमवर्गीय घरातली मुलगी कचेरीत नोकरीला जाऊ लागली, त्यामागे शिक्षण होते तसेच एका पगारात न भागणारे घरही होते. खालच्या थरात लढाईने वेगळाच निर्णय घेतला. कोळसा कमी पडू लागल्यावर १९४३ मध्ये सरकारने खाणींत जमिनीखाली बायकांना काम करायला असलेली बंदी उठवली. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते डॉ. आंबेडकरांकडे होते. तात्पुरती निकड म्हणून आणि समान कामाला समान मजुरी या अटीवर त्यांनी त्याचे समर्थन केले. टीका झाली, आणि फेब्रुवारी १९४६ पासून बंदी पुन्हा लागू झाली. त्याच खात्यात याच वर्षांत सरकार, मालक आणि कामगार यांच्या त्रिपक्षीय परिषदेची पद्धत सुरू झाली. सैन्यातून परतणाऱ्यांसाठी १९४५ मध्ये नोकरी मिळवून देणारी केंद्रे उघडली; एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव नोंदवून कॉल येण्याची वाट पाहणाऱ्या पुढच्या पिढ्यांना ही व्यवस्था मुळात माजी सैनिकांसाठी होती, हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

काही गोष्टी येथे नुसत्या नोंदवतो. जावा बेट जपानच्या हाती गेल्यावर क्विनीन मिळेना आणि हिवतापाच्या गावांत माणसे औषधावाचून तापाने फणफणत राहिली. पेट्रोल १९४१ पासून मोजून मिळू लागले आणि मागे कोळशाची भट्टी लावलेल्या मोटारी घाट चढताना धापा टाकू लागल्या. कच्च्या फिल्मच्या टंचाईमुळे चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर बांधली गेली. गोव्यावर राज्य करणारा पोर्तुगाल तटस्थ होता, मुरगावच्या बंदरात आसरा घेतलेली जर्मन जहाजे मार्च १९४३ पर्यंत उभी होती; पण गोव्याचा तांदूळही ब्रह्मदेशातून यायचा आणि तटस्थतेने पोट भरत नाही. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. रशियातल्या छळातून सुटून आलेल्या बायका-मुलांची त्यांत भरती मोठी. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, आणि कोल्हापुरी भाजीवालीशी घासाघीस करण्यापुरती मराठीही आली. कल्याणजवळ उभारलेली लष्करी छावणी लढाईनंतर ओस पडली. फाळणीत उखडलेले सिंधी तिथल्या बराकींत येऊन राहिले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले.

कायद्यांची वाटचाल याहून लांबची. परकीय चलनावरचे नियंत्रण सप्टेंबर १९३९चे, आयातीवरचे १९४०चे. जीवनावश्यक वस्तूंचा १९५५चा कायदा हा भारत संरक्षण नियमांचा नातू म्हणता येईल. कंपनीला शेअर विकायचे तर सरकारची परवानगी हवी, हा नियम १९४३ मध्ये लढाईसाठी आला आणि १९९२ मध्ये गेला. यांतली प्रत्येक गोष्ट चुकीची होती असे मला म्हणायचे नाही. पंचवार्षिक योजनांच्या काळात त्यांचा उपयोग केला गेला, त्यामागे विचार होता. पण योजनाकारांना ही हत्यारे तयार मिळाली होती. ती कोणी, कशासाठी घडवली होती, हे पाहिल्याशिवाय त्यांची धार का अशी होती ते कळत नाही.

या पुस्तकाचा काळ म्हणूनच ऑगस्ट १९४५ मध्ये थांबत नाही. १९४७ च्या उत्तरार्धात गांधीजींनी नियंत्रणे उठवण्याचा आग्रह धरला. नियंत्रणांनी माणसे लबाड होतात आणि शेतकरी नागवला जातो, असे त्यांचे म्हणणे होते. डिसेंबरमध्ये धान्यावरची बंधने सैल झाली. काही महिन्यांत भाव असे चढले की १९४८ च्या शरद ऋतूत स्वतंत्र भारताच्या, लोकांनी निवडलेल्या सरकारने ती पुन्हा आणली. आता विचारणारे विधिमंडळ होते आणि ओळखीचे मंत्री होते. शेवटचे प्रकरण त्या दहा महिन्यांवर आहे आणि वाचकाने हवे तर तिथूनच सुरुवात करावी.